हुक रिकामा म्हणजे माणूस खाली

आमच्या बिल्डिंगमधून बाहेर पडायचं तर आधी बिल्ला काढून घ्यावा लागतो. पितळेचा, रुपयाच्या नाण्याहून जरा मोठा, वरच्या बाजूला भोक आणि मधोमध नंबर ठोकलेला. गेटमधून आत आलं की उजव्या हाताला एक लाकडी फळी आहे, फळीवर ओळीनं हुक आणि हुकांना हे बिल्ले. बाहेर जाताना आपला बिल्ला काढून खिशात टाकायचा, परत आलं की आपल्या हुकाला लावायचा. कोपऱ्यावरून दूध आणायचं असो नाहीतर मुलाकडे महिनाभर राहायला जायचं असो, नियम एकच.

आता तुम्ही म्हणाल, हे काय, कारखाना आहे का तुमचा? तसं काही नाही. सांगलीतल्या विश्रामबागेतली साधी चार मजली इमारत आहे, बहुतेक माणसं पेन्शनीतली. आणि हा नियम सोसायटीनंही केलेला नाही. तो केलाय तळमजल्यावरच्या गंगव्वानं.

गंगव्वा माझ्याच वयाची. उंचीला मात्र माझ्या खांद्याला लागेल न लागेल. अंगावर इरकली लुगडं, कपाळाला भस्माचं बोट, हातात काठी. काठी चालायला लागते म्हणून नाही, ठोकायला लागते म्हणून. आवाज असा की ती तळमजल्यावर कुणाला 'बस' म्हणाली तर चौथ्या मजल्यावरचा माणूस बसेल. मूळची जत तालुक्यातली, पण आयुष्य गेलं कर्नाटकात, सोन्याच्या खाणीच्या गावात. खाण बंद पडली, मजुरांच्या लायनीतल्या खोल्या रिकाम्या झाल्या, तेव्हा पुतण्यानं तिला इथं आणलं. फ्लॅट पुतण्याचा. तो स्वतः पुण्याला नोकरीला, दर रविवारी फोन करतो.

ती राहायला आली त्याच आठवड्यात मी तिला चहाला बोलावलं. दार उघडलं तर बाई उंबऱ्यात उभी. आत येईना. काठी वर केली आणि आमच्या हॉलच्या छताला ठकठक केलं. कान लावून ऐकलं, दोन पावलं आत आली, परत ठकठक. असं करत करत सोफ्यापर्यंत पोचली.

"आवाज घट्ट हाय," म्हणाली, आणि मग बसली.

आमचे हे पेपर वाचत होते. आमचे हे म्हणजे फौजेतून रिटायर झालेले हवालदार, सगळी बिल्डिंग त्यांना हवालदारच म्हणते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "अहो बाई, आरसीसी स्लॅब आहे. काही होत नाही."

"आसंना," गंगव्वा म्हणाली. "आमच्याकडं दगड पन लय घट्ट हुता."

ह्यांनी पेपर परत डोळ्यांपुढं धरला. मी वर छताकडे बघितलं. चोवीस तास ज्याच्याखाली वावरते त्या छताकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा भिऊन बघितलं, आणि खोटं कशाला सांगू, अजून बघते.

बिल्ल्यांचं खूळ त्यानंतर महिन्याभरात सुरू झालं. गंगव्वा रिक्षा करून सांगलीच्या भांडी बाजारात गेली. तिथं लग्नाच्या भांड्यांवर नावं घालून देतात ना, त्या माणसापुढं बसून तिनं पितळेच्या चकत्यांवर नंबर घालून घेतले. एका घराला एक नव्हे, एका माणसाला एक. मग फळी आली, हुक आले, आणि एका सकाळी ठाकठोक ऐकून आमचे चेअरमन चौगुले बनियनवर खाली उतरले.

"मावशी, सोसायटीच्या भिंतीला खिळे मारायचे तर ठराव लागतो."

"करा की ठराव. मी तवर मारते."

"पण हे कशासाठी?"

"कोन खाली हाय आनि कोन वर आलं, कळाय नगं?"

तिच्या बोलण्यात बाहेर गेलेला माणूस म्हणजे 'खाली' गेलेला, आणि घरी परतलेला म्हणजे 'वर आलेला'. चौगुल्यांनी तिला समजावलं की मी चौथ्या मजल्यावर राहतो, माझं निराळं आहे. तिनं त्यांच्या हातात बिल्ला ठेवला आणि म्हणाली, "हुक रिकामा म्हंजे मानूस खाली. यवडंच ध्यानात ठेवा."

सुरुवातीला सगळे हसले. पण बिल्ला लावायला विसरलात तर गंगव्वा दाराशी येऊन उभी राही, आणि ती दाराशी येऊन बोलली की चारी मजल्यांना कळे. त्यापेक्षा बिल्ला लावलेला परवडला. चौगुले एकदा कोल्हापूरला लग्नाला गेले, मुक्काम वाढला, तर हिचा फोन थेट जेवणाच्या पंगतीत. "चेअरमनसाब, हुक रिकामा हाय." आणखी एकदा ते बायकोला म्हणाले, मी दुपारभर घरातच झोपलो होतो, तू हळदीकुंकवाला गेली होतीस म्हणून दिसलं नसेल. चौगुलेवहिनी तडक उठल्या. खाली उतरल्या, गंगव्वाला विचारलं आणि वर आल्या. त्या दिवसापासून वहिनींचा बिल्ल्यांना पूर्ण पाठिंबा.

आमच्या ह्यांचा मात्र मुळापासून विरोध. "आयुष्यभर फौजेत हजेरी दिली, आता म्हातारपणी एका बाईला देऊ?" बिल्ला घ्यायचे, पण परत लावताना टाळाटाळ. कधी पँटच्या खिशात, कधी किल्ल्यांच्या जुडग्यात. मग गंगव्वा हाक मारणार, हे गॅलरीतून 'आलोय, आलोय' म्हणून ओरडणार.

"मानूस आलाय ते दिसतंय. बिल्ला कुठाय?"

"माणूस दिसतोय ना? मग बिल्ला कशाला?"

"आज दिसतोय," गंगव्वा म्हणायची. बस, एवढंच.

दुपारी ती आणि मी फळीखालच्या कट्ट्यावर शेंगा सोलत बसायचो, तेव्हा ती खाणीचं सांगायची. तिचा आजेसासरा दुष्काळात मेंढरं मेली म्हणून जतहून चालत निघालेल्या लोकांतला. तिथं गेले तर खाणीभोवती उघडा माळ आणि बांबूच्या तट्ट्यांची खोपटी. पुढं कंपनीनं लायनी बांधल्या. तेलगूंची लाईन, तमिळांची लाईन, कानडी लोकांची, आणि टोकाला आमच्या मराठी लोकांची, दहाबारा बिऱ्हाडांची. नळ सगळ्यांत एक. आधी नळावर चार भाषांत भांडणं झाली, मग त्या भांडणांतूनच बायका एकमेकींची भाषा शिकल्या. "शिवी पयली येती," गंगव्वा म्हणायची, "मीठ मागायचं मागनं येतं."

सगळा गाव भोंग्यावर चालायचा. भोंगा झाला की चूल, भोंगा झाला की जेवण. आणि वेळ नसताना भोंगा झाला की बायका हातातलं टाकून खाणीच्या तोंडाकडे पळायच्या. शेजारच्या कारखान्याचा भोंगा संध्याकाळी वाजतो ना, तेव्हा सोलत असलेली शेंग गंगव्वाच्या हातात तशीच राहते. वाजून संपला की मग फुटते.

बिल्ले आधी कंपनीचे होते, माणूस कामावरून पळतो की काय ते बघायला. मजूर त्यांना शिव्या द्यायचे, मुद्दाम हरवायचे. मग एकदा आत दगड बसला, म्हणजे वरचा खडक खाली आला, आणि नेमकी किती माणसं खाली आहेत, हेच कुणाला सांगता येईना. ठेकेदारानं आणलेल्या माणसांची तर नावंसुद्धा कुठं नव्हती. कंपनी म्हणाली, सगळे वर आले. लायनीतल्या बायका म्हणाल्या, आमचा नाही आला. त्या बायका खाणीच्या तोंडाशी बसल्या आणि उठेनात. पुरुषांनी काम टाकलं. मागणी काय, तर बिल्ले हवेत, पण ते आमच्या माणसाच्या हातात. ज्या बिल्ल्यांना शिव्या दिल्या तेच भांडून मागून घेतले. तेव्हापासून बिल्ल्याच्या खिडकीवर लायनीतली बाई बसायला लागली. पहिली बसली ती गंगव्वाची सासू. तिच्यानंतर गंगव्वा.

"खाली नेनाऱ्या पिंजऱ्यात पाय ठेवायच्या आदी मानूस माज्याकडं यायचा," ती सांगायची. "हुकावरचा बिल्ला मी काडून द्यायची. वर आला की पयला माज्या हातात. मग घर, मग बायकू, मग दारू. पयली मी."

एवढं सांगून ती हसायची. तिचा नवरा खाणीतच गेला एवढं मला माहीत होतं. कसा, ते तिनं सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

तर असं सगळं मजेत चाललेलं असताना शेजारच्या प्लॉटवर खोदाई सुरू झाली.

तिथं म्हणे दोन मजले जमिनीखाली पार्किंग होणार होतं. आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून खड्डा घेतला. आमची सांगलीची काळी माती तुम्हाला माहीत आहे. उन्हात भेगाळते आणि पाण्यात लोण्यासारखी सुटते. त्यात सप्टेंबरचा पाऊस आला, काम थांबलं, मजूर निघून गेले, आणि भोवती पत्रे लावून तो खड्डा तसाच सोडला. तळाला गढूळ पाणी. दिवसातून एकदोनदा कडेचं एखादं ढेकूळ सुटायचं, आणि खालून 'धप्प' असा आवाज यायचा. स्वयंपाक करताना तो आवाज आला की माझ्या हातातलं लाटणं थांबायचं.

गंगव्वा तर त्या दिवसांत बोलायचीच बंद झाली. कंपाउंडच्या भिंतीला कान लावून उभी राहायची. मी विचारलं, काय ऐकू येतं गं? तर म्हणाली, "काय न्हाई. तेच वंगाळ."

आणि आमचे हे. पानाची टपरी पलीकडच्या रस्त्याला. रस्त्यानं गेलं तर वळसा पडतो म्हणून हे एका वाकलेल्या पत्र्यातून आत शिरायचे आणि खड्ड्याच्या कडेकडेनं पलीकडे जायचे. मी हात जोडले, चौगुल्यांनी सांगितलं, गंगव्वानं तर एकदा काठी आडवी धरली. "बाई, मी बर्फात पहारे केलेत," हे म्हणाले आणि काठीखालून वाकून गेले.

त्या दिवशीही तसेच गेले. दिवेलागणीच्या आधी, पाऊस भुरभुरत असताना. मोबाईल घरात चार्जिंगला. मी देवापुढं दिवा लावला, आमटीला फोडणी दिली, तरी हे नाहीत. बसले असतील गप्पा मारत, म्हणून मी कोथिंबीर आणायच्या निमित्तानं खाली उतरले, तर गंगव्वा फळीपुढं उभी. बसलेली नाही, उभी.

"सुमाक्का," ती म्हणाली, "हवालदार वर न्हाई आला."

"येतील गं. टपरीवर असतील."

"टपरी बंद हाय. म्या जाऊन बगून आले."

मी हसायला गेले. तेवढ्यात पत्र्यांपलीकडे 'धप्प' झालं. नेहमीसारखं नाही. मोठं. आणि मागोमाग पाण्याचा आवाज. त्याच वेळी सगळ्या गल्लीतले दिवे गेले.

हुकाकडे बघितलं. सगळ्या बिल्ल्यांत एकच हुक रिकामा, आणि तो ह्यांचा. इतके दिवस त्या फळीकडे मी गंमत म्हणून बघत होते. अंधारात तो एक रिकामा हुक मला फळीएवढा मोठा दिसायला लागला.

गंगव्वानं पदर खोचला. भिंतीलगत आमच्या बोअरच्या मोटारीचा जुना लोखंडी पाइप जमिनीतून निघून वर चढतो, तिथं ती बसली. एक दगड उचलला आणि पाइपावर तीनदा ठोकला. ठण, ठण, ठण. मग कान लावला.

"काय करतेस?"

"गप्प. दगडाखालचा मानूस बोलत न्हाई, ठोकतो."

मीही वाकून कान लावला. पावसाची भुरभुर. आणि मग पाइपातून, लांबून आल्यासारखं, स्पष्ट आलं. ठण. ठण. ठण.

तिनं परत ठोकलं, परत उत्तर आलं.

"हाय," ती म्हणाली. "जित्ता हाय. खाली हाय." तिनं बॅटरी घेतली, काठी घेतली, आणि मला फळीपुढं उभी केली. "तू हितनं हलायचं न्हाई. खिडकीवरची बाई खिडकी सोडत न्हाई. कोन आलं की पयला बिल्ला बग."

आणि ती गेली. वाकलेल्या पत्र्यातून आत, आणि मातीच्या गाड्यांसाठी केलेल्या उतारावरून खाली. आमच्या गेटातून तो उतार दिसतो. मला तिची बॅटरी दिसत होती. दोन पावलं पुढं, काठीनं कडेला ठकठक, थांबणं, परत दोन पावलं. आमच्या हॉलमध्ये सोफ्यापर्यंत आली होती ना, अगदी तशी. "हवालदार, आवाज द्या," अशी हाक. मग नुसतं चिखलात पाय बुडाल्याचं ऐकू यायला लागलं. मग कडेचं काहीतरी सुटलं, धप्प झालं, आणि बॅटरी विझली.

मी ओरडले. ओरडले म्हणजे तोंड उघडलं, काय निघालं देव जाणे. कुणाच्या नावानं ओरडले तेही आठवत नाही. नवरा खाली, आता मैत्रीणही खाली, आणि मी एका फळीपुढं उभी. इतक्या बायका त्या खाणीच्या तोंडाशी कशा उभ्या राहिल्या असतील, हे मला तिथं कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

"कोण बोंबलतंय गं एवढं?" मागून आवाज आला.

वळून बघते तर आमचे हे. जिन्यातून उतरत होते, एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात पाना, मागं चौगुले.

झालं होतं असं. पलीकडच्या रस्त्यानं येताना हे मागच्या छोट्या गेटातून शिरले आणि सरळ गच्चीवर गेले, कारण टाकीचा कॉक अडकला म्हणून चौगुल्यांनी हाक मारली होती. तिथं हे पान्यानं पाइप ठोकत होते. खालून ठोकल्याचा आवाज आला, ह्यांना वाटलं प्लंबर आला, म्हणून ह्यांनी परत ठोकलं. बिल्ला शर्टाच्या खिशात.

पण हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी नुसता खड्ड्याकडे हात केला. "गंगव्वा," एवढंच निघालं. "तुम्हाला शोधायला."

ह्यांचा चेहरा मी लग्नापासून बघते आहे. तसा कधी बघितला नव्हता. पाना टाकला आणि धावत पत्र्यापाशी गेले. "बाई, मी इथं आहे, वर आहे. थांबा, मी उतरतो."

खालच्या अंधारातून तो आवाज आला, चार मजले बसवणारा. "हवालदार, खाली पाय टाकायचा न्हाई. पयला बिल्ला लावा."

"अहो, आधी तुम्ही..."

"बिल्ला लावा. त्याबगर मी वर येनार न्हाई."

आणि आमचे हे, ज्यांनी बर्फात पहारे केले, ते मुकाट्यानं मागं आले. अंधारात हुक सापडेना. चौगुल्यांनी मेणबत्ती धरली. बिल्ला हुकाला लागल्याचा आवाज झाला, टिण्ण, एवढासा.

"लागला," मी ओरडले.

मग काठीची ठकठक परत सुरू झाली. या खेपेला वर येणारी.

ती आली ती गुडघ्याच्या वरपर्यंत चिखलात. एक चप्पल खालीच राहिली होती. ह्यांच्याकडे तिनं बघितलं, रागानं नाही, नुसतं. खात्री करून घेतल्यासारखं. मग पाइपाची हकिकत कळल्यावर म्हणाली, "आवाज बराबर हुता. दिशा चुकली." चौगुले हसले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. आमचे हे मात्र तिच्यापुढं हात जोडून उभे राहिले.

मी तिला तिच्या घरी नेलं, गरम पाणी काढून पाय धुतले. पाय धुता धुता तिनं मला सांगितलं, भिंतीकडे बघत.

"आसाच हुक रिकामा हुता. आमच्या लायनीतला मानूस. त्याच्या बायकूला पोरगं झालं हुतं. पिंजऱ्यातनं वर आला आनि खुशीत तसाच घरला पळाला, खिशात बिल्ला घिऊन. मला काय ठावं? हुक रिकामा. मी सांगितलं, मानूस खाली हाय. भोंगा झाला. हुडकायला चौगं गेली. आमचं मालक त्यात पयलं. त्येंचा बिल्ला म्याच दिला, या हातानं." तिनं तो हात उलटा करून बघितला. "खाली दगड फुटला."

"आणि तो माणूस?"

"घरात पोरगं बगत बसलेला. भोंगा ऐकून आला पळत, हुडकायला माजं पन नाव लिवा म्हनून."

"राग नाही आला गं त्याचा?"

"पोरगं झालं हुतं की त्याला," गंगव्वा म्हणाली, जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं होतं.

"मग आज परत कशाला उतरलीस?"

"हुक रिकामा हुता."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ह्यांचा बिल्ला सगळ्यांत आधी हुकाला लागायला लागला. चौगुल्यांनी धावपळ करून त्या खड्ड्याभोवती पक्कं कुंपण घालून घेतलं. आणि मी एक दिवस फळीपुढं उभी राहून सगळे नंबर बघत होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं. एवढ्या बिल्ल्यांत गंगव्वाचा बिल्ला कुठंच नव्हता.

मी विचारलं. ती म्हणाली, "माजा कशाला? मी खिडकीवरची. मी कुटं खाली जाते?"

मी रिक्षा केली आणि भांडी बाजारात गेले. त्याच माणसाकडून बिल्ला करून घेतला. नंबर नाही घातला, नाव घातलं. ह्यांनी फळीला शेवटचा हुक मारला. तिनं तो बिल्ला हातात घेऊन उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाली, "पितळ हलकं दिलंय तुला." पण हुकाला लावला.

आता परवाचीच गोष्ट. संध्याकाळी मी भाजी घेऊन आले, माझा बिल्ला लावला, आणि सवयीनं फळीवर नजर टाकली. गंगव्वाचा हुक रिकामा.

अंधार पडल्यावर ती कधी बाहेर जात नाही. कट्ट्यावर नव्हती. तिच्या दाराशी गेले, आत दिवा नाही. हाक मारली. उत्तर नाही. परत मारली, माझाच आवाज मला परका वाटला. या वयात बंद दारामागे काय काय असू शकतं, ते सगळं माझ्या डोळ्यापुढून गेलं. भाजीची पिशवी तिथंच टाकली. मग काय वाटलं कोण जाणे, किल्ली घेतली आणि दाराच्या लोखंडी जाळीवर ठोकलं. तीनदा.

आतून आलं, ठक, ठक, ठक.

दार नुसतं लोटलेलं होतं. गंगव्वा अंधारात जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून. बाजूला काठी, मुठीत बिल्ला.

"काय झालं गं? पडलीस का? दुखतंय का कुठं?"

"न्हाई."

"मग अशी का बसलीस?"

तिनं बिल्ला या हातातून त्या हातात घेतला. "बगत हुते," म्हणाली. आवाज इतका बारीक की मला खाली वाकून ऐकावं लागलं. "हुक रिकामा दिसला तर कोन येतंय का."

मग मात्र मी तिला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझा जीव गेला असता, तुला अक्कल आहे का, दुसरा कुणी असं वागला असता तर तू त्याला सोडलं असतंस का. ती सगळं ऐकत होती. मधे मी दम घ्यायला थांबले तर म्हणाली, "बोल की. थांबलीस का?"

माझंच हसू मला आवरेना. मी हात पुढं केला. तिनं बिल्ला माझ्या हातावर ठेवला. पितळ तिच्या मुठीनं गरम झालं होतं. बाहेर जाऊन मी तो हुकाला लावला.

आतून विचारलं, "लागला का गं?"

"लागला."

"मंग मी आले वर," गंगव्वा म्हणाली, आणि दिवा लावला.